अण्णांच्या नावावर लिहिलेली चूक

अध्यक्ष साहेब, काकू, आणि इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

माझ्या आधी चार जण बोलले. चांगलं बोलले. मला त्यांच्यासारखं बोलता येणार नाही. हातात कागद आहे, पण त्यावरचं वाचताना आवाज फुटेल की नाही, माहीत नाही. मी थांबत थांबत बोलेन. मध्येच गप्प झाले तर मला खाली बसा म्हणू नका. आज मला पूर्ण बोलायचं आहे.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी कल्पना. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्याआधी इथे बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाज्याजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता, दोन मशीनचा. आपल्या समाज मंडळाची वेबसाइट मी बनवली. रघुनाथ भारंबे, म्हणजे आपले रघुअण्णा, माझे नात्याने कोणीच नव्हते. तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. आणि नंतरची सात वर्षं त्यांची नजर चुकवली.

सात वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, वार्षिक सभेत, अण्णांवर ठपका ठेवला गेला. तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी इथे होते. देडतलाई गावाच्या यादीत जिवंत माणसं गेलेली दाखवली, अशी ती तक्रार होती. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडून राहिलं. त्या दिवशी त्यांच्या हातून यादी काढून घेतली. चाळीस वर्षं सांभाळलेली यादी.

मंडळींनो, ती चूक अण्णांची नव्हती. ती माझी होती. हे सांगायला मी उभी राहिले आहे.

आता सगळं सांगते. अर्धवट सांगितलं तर त्यातही मी स्वतःला वाचवीन. मला माझी सवय माहीत आहे.

नव्या पिढीला यादी म्हणजे मोबाइलवर दिसते ती एवढंच ठाऊक. पूर्वी ती पुस्तिका होती. अण्णा शाळेत बाबू होते. ऑफिसचं काम संपलं की स्टेन्सिलवर बसायचे आणि मंडळातल्या एकेका घराची माहिती हाताने लिहायचे. घरात कोण कोण, कोण काय शिकतं, कोण कुठे नोकरीला. मग सायक्लोस्टाइलवर प्रती निघायच्या, हात काळे व्हायचे. किती जणांची लग्नं त्या पुस्तिकेवरून जमली! इथे बसलेल्यांपैकीच चार-पाच जोडपी मला दिसताहेत. त्यातल्या एकानं तर अण्णांना नंतर ऐकवलं होतं, की अण्णा, माहिती पूर्ण लिहायची होती, स्वभावाचा रकाना राहिला तुमचा!

तर त्या यादीत अण्णांचा एक नियम होता. माणूस गेला तरी नाव काढायचं नाही. नाव त्याच जागी राहणार, फक्त कलतं होणार. बाकीची नावं उभी, गेलेल्यांची कलती. नावाआधी 'कै.' लिहिणं त्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, "दारावर कुलूप लावल्यासारखं वाटतं ते. दुपारी जेवून माणूस जरा लोडाला कलतो की नाही? तसं नाव कललं पाहिजे."

आणि नाव कलतं करायच्या आधी ते त्या घरी जायचे. तेरावं होऊन महिना झाला की जायचे. पाणी घ्यायचे, चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि निघताना उंबऱ्यावर विचारायचे, "नाव आता कलतं करू का?" घरचे हो म्हणाले तरच. कोणी लगेच मान हलवायचं. कोणी म्हणायचं, पुढच्या वर्षी करा अण्णा. इथल्याच लालबागच्या एका घराने चार वर्षं हो म्हटलं नाही, अण्णांनी चार वर्षं नाव उभं लिहिलं. शाहपूरचे एक काका बायकोशी भांडून अण्णांना म्हणाले, "माझं नाव आत्ताच कलतं करून टाका, सुटलो!" अण्णा वही मिटून म्हणाले, "घरच्यांची परवानगी लागते. वहिनींना बोलवा, विचारतो." वहिनी लाटणं घेऊनच बाहेर आल्या म्हणे.

हसा. अण्णांच्या सभेत हसलं तर चालतं. पुढे हसण्यासारखं फार नाही.

मग ती जोडणीची वर्षं आली. बुऱ्हाणपूरची यादी वेगळी, शाहपूरची वेगळी, इच्छापूरची आणि देडतलाईची वेगळी, अशा चार वह्या होत्या. मंडळाने ठरवलं, चारही एक करायच्या आणि इंटरनेटवर टाकायच्या. काम माझ्याकडे आलं. अण्णा रोज दुपारी क्लासवर यायचे. सायकल लावायची, चपला दाराबाहेर काढायच्या, रुमालाने घाम पुसायचा आणि विचारायचं, "काय करून राहिली बेटा? नेट आहे का आज?"

पहिल्यांदा मी स्क्रीनवर नाव कलतं करून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हे कललेलं नाही बेटा. हे ढकललेलं आहे." खरंच होतं ते. आपल्या लिपीच्या त्या फॉन्टला कलती अक्षरं मुळात नव्हतीच. मशीन उभी अक्षरंच घ्यायचं आणि एका बाजूला लोटायचं. हाताने कलतं लिहिणाऱ्याला ते लगेच कळलं. मला कॉम्प्युटर शिकून पाच वर्षं झाली होती, मला कळलं नव्हतं.

आणखी एक व्हायचं. नाव कललं की शेवटच्या अक्षराचा वरचा भाग चौकटीच्या बाहेर जायचा आणि कापला जायचा. भागीरथी असलं की शेवटची वेलांटी अर्धी. मी म्हटलं, एवढंसं कोण बघतंय? अण्णा म्हणाले, "माणूस तर गेलाच, त्याची वेलांटी तरी राहू दे." मग मी प्रत्येक चौकटीत उजवीकडे थोडी जागा सोडली. आजही ती जागा तिथे आहे.

आता चूक काय झाली ते कळावं म्हणून एवढंच सांगते. वेब पेजवर नाव कलतं करायचं तर नावाच्या आधी एक खूण लिहावी लागते, की इथून कलतं सुरू. आणि नावानंतर दुसरी खूण, की इथे बंद. ही दुसरी खूण राहिली, तर मशीनला थांबायचं कळत नाही. ते पुढचं सगळं कलतं करत जातं, पान संपेपर्यंत. अण्णांनी हे एका दिवसात शिकून घेतलं. मी टाइप करायची आणि ते शेजारी बसून प्रत्येक नावाला बोटाने ठोकत म्हणायचे, "सुरू... बंद. सुरू... बंद." माझे क्लासचे विद्यार्थी हसायचे. मीही हसायचे. पण बुऱ्हाणपूर, शाहपूर, इच्छापूर, तिन्ही याद्यांत एक चूक निघाली नाही.

देडतलाईची यादी शेवटी आली. वार्षिक सभेला दहा दिवस राहिले होते. अण्णा स्वतः बसने जाऊन, घरोघर फिरून, दोन वह्या भरून घेऊन आले. मला म्हणाले, "तू टाइप करून ठेव, मी उद्या येतो. एकदा बोट फिरवू."

आणि मी त्यांना नको म्हटलं.

का म्हटलं? याचं उत्तर मी सात वर्षं वेगवेगळं देत आले. काम फार होतं, वेळ नव्हता, त्यांना उन्हाचा त्रास होईल. सगळी सोंगं. खरं कारण हे की मला राग येत होता. लोक म्हणायचे, अण्णांची वेबसाइट. रात्रंदिवस डोळे मी फोडते आणि नाव अण्णांचं! असं मला वाटायचं. शेजारी बसून "बंद केलं का?" विचारणारा म्हातारा मला नको झाला होता. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्हाला आता स्क्रीनवर नीट दिसत नाही. उगाच कशाला येता? झालंय सगळं."

त्यांची एक चप्पल पायात होती, एक हातात. ते तसेच थांबले. म्हणाले, "बंद केलं ना सगळीकडे?"

मी म्हटलं, "हो." मी पाहिलं नव्हतं.

एका नावानंतर बंदची खूण राहिली होती. एका. तिथून पुढे देडतलाईचं सगळं पान कलतं झालं. मी ते तसंच इंटरनेटवर टाकलं आणि मशीन बंद करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. काही फोन हसण्यावारी नेण्यासारखे होते. एका मामांनी स्वतःच विचारलं, "मी गेलो कधी गं? मला कोणी सांगितलं नाही." एका घरी जळगावहून पाहुणे रडत आले आणि ज्याच्यासाठी रडत आले त्यानेच दार उघडलं, चहा पाजला. हे किस्से तुम्ही ऐकले आहेत. अजून सांगतात लोक. पण एका घरचा किस्सा कोणी सांगत नाही.

सुशीलामावशी आज देडतलाईहून आल्या आहेत. मागे, खांबापाशी बसल्या आहेत. मावशी, मला माफ करा, तुमचं नाव तुम्हाला न विचारता घेते आहे.

मावशींचा मुलगा प्रकाश. लूमवर फिटर होता. सुरतेला काम बघायला जातो म्हणून गेला आणि मग ना पत्र, ना फोन. मावशींनी सुरतेच्या चकरा केल्या, पोलिसांत दिलं, काही कळलं नाही. लोक म्हणायला लागले, आता सोडा आशा. दरवर्षी यादीच्या वेळी अण्णा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. प्रश्न विचारायची हिंमत त्यांनाही व्हायची नाही. मावशीच म्हणायच्या, "माह्या पोराचं नाव उभंच राहू द्या अण्णा." आणि अण्णा तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, वहीत प्रकाशचं नाव लिहायचे. उभं, आणि जरा ठळक.

माझ्या पानावर ते नाव कलतं झालं होतं.

मावशींच्या सुरतेच्या भाचीने ते मोबाइलवर पाहिलं आणि रडत फोन केला. घरातल्या बाकीच्यांना शंका आली. म्हणाले, काही तरी चूक असेल, कॉम्प्युटरचं काय खरं. मावशी काय म्हणाल्या, माहीत आहे? मावशी म्हणाल्या, "अण्णा विचारल्याबिगर कलतं करत नाही. त्यायले काही तरी पक्कं कळलं असन."

बघा. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच, मला त्या ओळखतही नव्हत्या. अण्णांच्या हातावर विश्वास होता म्हणून त्यांनी मुलगा गेला असं मानलं. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. प्रकाशची खाट इतकी वर्षं भिंतीला लावून ठेवली होती, ती त्यांनी स्वतः अंगणात काढायला सांगितली.

मला कळलं तेव्हा मी पान दुरुस्त केलं. दोन मिनिटं लागली नाहीत. तेवढ्यात अण्णा आले. घामाने सदरा भिजलेला. म्हणाले, "चल बेटा, देडतलाईला जाऊन येऊ." मी म्हटलं, "अण्णा, क्लास आहे."

क्लास होता हो. चार मुलं होती. सुट्टी देता आली असती.

ते एकटे गेले. मावशींपुढे हात जोडून म्हणाले, माझी चूक झाली, मला प्रकाशबद्दल काहीच कळलेलं नाही. मावशींनी त्यांना आत घेतलं नाही. कसं घेतील? अण्णा ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळच्या शेवटच्या बसच्या आधी मावशींनी त्यांना पाणी दिलं, तेवढं पिऊन उठले. हे सगळं मला नंतर कळलं. मावशी, त्या ओट्यावर मी बसायला हवं होतं.

मग सभा झाली. सचिव साहेबांनी माइकवर विचारलं, "ही चूक कोणाची?" विचारायलाच हवं होतं, त्यांचा दोष नाही. मी इथे डावीकडे बसले होते, मांडीवर लॅपटॉप. आणि पहिल्या रांगेत शाळेचे ट्रस्टी बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे माझी मुलाखत होती. माझा क्लास चालेनासा झाला होता, ती नोकरी मला हवी होती. अण्णांना हे माहीत होतं. माझा अर्ज त्यांनीच लिहून दिला होता.

लोक म्हणतात, भीतीने पाय उचलले नाहीत. माझे पाय उचलत होते. मीच उठले नाही.

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ते गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि म्हणाले, "माझ्याकडून राहिलं. यादी मी तपासली होती." मागून कोणी तरी बोललं, "वय झालं आता अण्णांचं." कोणी तरी हसलं. एक जण अगदी प्रेमाने म्हणाले, "अण्णा, खूप केलंत, आता आराम करा." तो ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. मंडळींनो, मी पण टाळ्या वाजवल्या. हात रिकामे ठेवले तर लोकांच्या लक्षात येईल म्हणून.

नोकरी मिळाली. आजही आहे.

दोन दिवसांनी अण्णा सगळ्या जुन्या पुस्तिका एका खोक्यात भरून, सुतळीने बांधून, माझ्याकडे घेऊन आले. खोकं खाली ठेवलं. म्हणाले, "इच्छापूरच्या दोन घरी विचारायचं राहिलं आहे. तेवढं जाऊन ये." मी हो म्हटलं. गेले नाही, फोन केला. आणि त्यानंतर फोनही बंद झाला. आता काय होतं? ग्रुपवर बातमी येते, सचिव मला पाठवतात, मी दोन खुणा टाकते, नाव कलतं. कधी कधी घरून तिरडी निघायच्या आधी नाव कललेलं असतं. सात वर्षांत आपण एकाही घरी जाऊन विचारलेलं नाही. आणि एकाही घराने तक्रार केलेली नाही, हे मला जास्त लागतं. तुम्हालाही लागावं असं वाटतं. रागवा हवं तर माझ्यावर.

मी अण्णांच्या घराकडून जायचं सोडलं. बाजारात दिसले तर दुसऱ्या गल्लीत वळायचे. एकदा भाजीच्या गाडीपाशी समोरासमोर आलो, पळायला जागा नव्हती. ते हसले. म्हणाले, "काय बेटा, पोरं ऐकतात ना तुझं?" मी म्हटलं, हो अण्णा, घाई आहे. पिशवीतली कोथिंबीर तिथेच विसरून निघून आले. तुम्ही म्हणाल, सात वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही? वाटलं. पहिल्या महिन्यात रोज वाटायचं. म्हटलं, नोकरी पक्की होऊ दे, मग सांगू. पक्की झाल्यावर वाटलं, आता कोणाच्या लक्षात आहे? लक्षात होतं. कोणाच्या, ते मला मागच्या आठवड्यात कळलं.

अण्णा गेले त्याच सकाळी मला मेसेज आला. "ताई, अण्णांचं नाव साइटवर अपडेट करून द्या." मी मशीन लावलं. पान उघडलं. रघुनाथ भारंबे. पहिली खूण लिहिली. मी ती पुसली आणि पान तसंच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी, काकूंकडे गेले. बाया बसल्या होत्या. काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. मी म्हटलं, "काकू, अण्णांचं नाव..."

काकू म्हणाल्या, "विचारायला आलीस?"

मी मान हलवली. तेरावंही झालं नव्हतं, महिना तर दूरच. तरी काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बस. मला सगळं माहीत आहे. सभेतून आले त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, पोरीची उद्या मुलाखत आहे, आज कशी बोलणार? चार दिवसांत स्वतःच सांगेल सगळ्यांना. मी म्हटलं, नाही सांगणार. ते म्हणाले, तू ओळखत नाहीस तिला."

मंडळींनो, ओळखण्यात अण्णा चुकले. तेवढी एक चूक त्यांची होती.

पुढे काकू म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षीच्या सभेला निघाले तर धुतलेला सदरा मागितला. म्हटलं, यादी तर काढून घेतली, आता कशाला जाता? तर म्हणे, आज ती उठेल बघ. तिच्या बाजूने बोलायला कोणी नको का तिथे?" दरवर्षी असंच, मंडळींनो. काकू दरवर्षी सदरा काढून द्यायच्या. आणि मी, मी दरवर्षी त्यांना तिसऱ्या रांगेत बसलेलं बघायचे आणि मनात म्हणायचे, बघा, अपमान झाला तरी सवय सुटत नाही म्हाताऱ्याची.

ते माझी वाट बघत होते.

जरा पाणी द्या.

काकूंना मी विचारलं, मी काय करू? काकू म्हणाल्या, "नावाचं मी सांगेन माझ्या वेळेने. तोवर हात लावू नको. तू आधी सभेत उठ." म्हणून अण्णांचं नाव आज साइटवर उभं आहे. सचिव साहेब, ते का केलं नाही म्हणून विचारत होता ना? यासाठी. काकू सांगतील तेव्हा होईल. दोन वर्षांनी सांगितलं तर दोन वर्षांनी.

आता जे मागायचं ते मागते. अध्यक्ष साहेब, प्रोसीडिंगच्या रजिस्टरात त्या वर्षीचा ठराव आहे. "श्री. भारंबे यांच्या हलगर्जीमुळे" असं त्यात लिहिलं आहे. मी परवा तुमच्याकडून रजिस्टर मागून घेतलं ते त्यासाठी. ते वाक्य खोडू नका. खोडलं की काहीच झालं नाही असं होईल. त्याच्याखाली नवीन ठराव घ्या आणि त्यात माझं पूर्ण नाव लिहा. शाळेचे ट्रस्टी साहेब आजही पहिल्या रांगेत आहेत. साहेब, त्या दिवशी तुम्ही खरं ऐकलं असतं तर मला घेतलं असतं की नाही, मला माहीत नाही. आता ऐकलंत. तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा, मी त्यावर काही म्हणणार नाही.

सुशीलामावशी, तुमच्याकडे माफी मागायला मला सात वर्षं देडतलाईची बस मिळाली नाही, असं मी म्हणू शकत नाही. रोज सहा बसगाड्या जातात. तुम्ही मला दारात उभं केलं नाहीत तरी मी येईन. आणि प्रकाशचं नाव उभं आहे मावशी. मी आज सकाळी पुन्हा पाहिलं, बोट ठेवून पाहिलं.

काकू, तुमच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं. जमत नाही.

अण्णा, मला लाज वाटते. तुम्ही गेलात याचं दुःख तर आहेच, पण खरं सांगू, त्या दुःखापर्यंत मला पोचताच येत नाही. आधी ही लाज आडवी येते. इथे सगळे रडताहेत, मला त्यांच्यासारखं मोकळं रडायचा हक्क नाही वाटत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, झालं आता, बेटा, पाणी पी. तुम्ही असताना मी हे बोलले असते तर तुम्ही नक्की तेच म्हणाला असतात. एवढं सोपं होतं ते. आणि मी ते केलं नाही.

आता आपण अण्णांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहणार आहोत. तुम्ही उभे राहा. तुमचं मौन त्यांना पोचेल. माझ्या मौनाचं तसं नाही. सात वर्षं मी त्यांच्यासमोर गप्पच होते, त्यात आणखी दोन मिनिटं घालून त्यांना काय देणार? म्हणून तुम्ही शांत व्हायच्या आधी, त्या सभेत जे वाक्य बोलायचं होतं ते मी आता बोलते. तेवढं ऐका.

सचिव साहेब, ही चूक माझी आहे. अण्णा, तुम्ही बसा.